मांडलेलं पान

१

तारा रामनगरची. माहेरी कापडाचं दुकान, आणि जेवणाची तऱ्हा अशी की ज्याला भूक लागेल त्यानं ताट घ्यावं, टीव्हीसमोर बसावं आणि जेवून ताट मोरीत टाकावं. कोण जेवलं आणि कोण राहिलं याचा पत्ता तिच्या आईला भांडी घासायला बसल्यावरच लागायचा. लग्न होऊन ती जोयड्यापलीकडच्या रानातल्या या घरात आली, तेव्हा जेवण ही एवढी शिस्तीची गोष्ट असते हे तिला पहिल्यांदा कळलं. शाळेच्या प्रार्थनेलासुद्धा एवढे नियम नव्हते.

दुपारी सगळ्यांनी स्वयंपाकघराबाहेरच्या पडवीत एका ओळीत बसायचं. पानावर आधी मीठ, मग चटणी, भाजी, मग भात. भाताच्या मधोमध बोटांनी आळं करायचं, की वाढणारीनं त्यात सार ओतायचं. दुसऱ्याच्या पानात बघायचं नाही. वाढणारीनं कुणाचं पान रिकामं दिसू द्यायचं नाही. आणि सगळ्यांचं आटोपेपर्यंत कुणी उठायचं नाही. घरातल्या थोरल्यानं विचारायचं, “झालं सगळ्यांचं?” एकेकानं “झालं” म्हणायचं, मग पंगत एकदम उठायची. हे सगळं ताराला तिच्या सासूनं, सुंदरीनं शिकवलं. सुंदरी गेल्या वर्षी गेली आणि पळी ताराच्या हातात आली. वाढणारी मागून जेवते, त्यामुळे तारा या घरच्या पंगतीत कधी बसलीच नव्हती.

एक नियम मात्र सुंदरी आवाज खाली आणून सांगायची. “माणूस उंबऱ्याच्या आत आल्याबिगर त्येचं पान मांडू नगं. येतो म्हणून सांगून गेलं तरी न्हाई. आधी माणूस, मग पान.”

पान वाया जाऊ नये म्हणून म्हणत असेल, असं ताराला वाटे. म्हातारी काटकसरी होतीच. पण परसात केळी माजलेल्या, पानांना काय तोटा, हा प्रश्न तिला तेव्हा सुचला नाही.

२

घरात माणसं थोडी. सासरे लाडू, सत्तरीच्या आसपासचे, पण अजून कुंपणाचा बांबू स्वतः तोडणारे. हे घराणं मूळचं धरणाखाली गेलेल्या गावातलं. लाडूंना तेव्हा नुकतं मिसरूड फुटलं होतं, सगळ्यांबरोबर ट्रकात बसून ते इकडे वर आले. त्या भागात अशी घरं पुष्कळ आहेत, त्यामुळे त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. नवरा गुरुदास जोयड्याहून आसपासच्या वाड्यांना जीप मारायचा. आणि मुलगी रक्षा, यंदा पहिलीत जाणारी.

रक्षाचं जेवण हा घरात थट्टेचा विषय होता. घास गालात ठेवून ती मनानं अर्धं रान फिरून यायची. ‘भूक लागली’ हे दोन शब्द जन्मल्यापासून तिच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. ते ऐकायला मिळावेत म्हणून तारानं माहेरच्या देवीला नारळ बोलला होता. पण पोरीला ‘आटप’ म्हणायची मात्र सोय नव्हती. एकदा गुरुदास म्हणाला, तर लाडू पानावरूनच कडाडले, “जेवणाऱ्याला घाई करायची न्हाई! या घरात न्हाई!” एरवी गाईलासुद्धा अगं-तुगं करून समजावणारा हा माणूस.

मे महिन्यात विहीर तळाला गेली. भांडी घासायला पाणी कमी पडू नये म्हणून तारानं रोजची जेवणं ताटांवरून केळीच्या पानांवर आणली. अशाच एका दिवशी गुरुदासचा फोन आला. “झिलूला घेऊन येतोय जेवायला. फणसाची भाजी हाय न्हवं?” झिलू म्हणजे त्याचा गणेशगुडीचा दोस्त, पर्यटकांना नदीवर नेणारा, तोंडाचा पट्टा कधी बंद न होणारा. तारानं हो म्हटलं. वळणावर जीपचा हॉर्न ऐकू आला तशी तिनं पानं मांडली. लाडूंचं, गुरुदासचं, रक्षाचं, आणि भिंतीकडच्या टोकाला झिलूचं. चारी पानांवर मीठ ठेवलं.

जीपमधून गुरुदास एकटाच उतरला. झिलूला नाक्यावर ओळखीचा कुणी भेटला आणि तो परस्पर गेला म्हणे. तारा चौथं पान उचलायला वाकली.

“ऱ्हाऊ दे.” लाडू पाय धुऊन दारात उभे होते. “मांडलेलं पान उचलत न्हाईत.”

“अवो मामा, माणूसच न्हाई आला.”

“वाढ.”

तिनं वाढलं. जेवणं नेहमीसारखी झाली. लाडूंनी विचारलं, “झालं सगळ्यांचं?” गुरुदास झालं म्हणाला. बऱ्याच वेळानं रक्षाही झालं म्हणाली. पण लाडू उठले नाहीत. मान जराशी भिंतीकडे कलती करून ते बसून राहिले. सार त्यांच्या बोटांवर वाळत चाललं होतं.

“बा, उठूया की.”

“थांब. घाई कसली?”

मग थोड्या वेळानं उठले. तारानं चौथं पान उचललं. भात तसाच, भाजी तशीच. मीठ तेवढं नव्हतं. त्या जागी ओला ठिपका होता. मे महिन्यात बरणीतल्या मिठालासुद्धा पाणी सुटतं, हे तिला ठाऊक होतं. पान गाईपुढे टाकून तिनं हात धुतले.

३

दुसऱ्या दिवशी तिनं तीनच पानं मांडली. लाडू परसात गेले, कोयत्यानं स्वतः पान कापून आणलं आणि भिंतीकडच्या पाटापुढे पसरलं.

“काल बसवलं आन् आज ऊठ म्हणायचं व्हय?” एवढंच ते म्हणाले.

गुरुदासनं ताराला जीपजवळ गाठून समजावलं. “म्हातारपण हाय गं. आई गेल्यापास्नं एकटा पडलाय. तिच्यासाठीच मांडत असंल. मूठभर भातानं आपण काय भिकेला लागत न्हाई.” ताराला ते पटलं. उलट सासऱ्यांचा जीव सासूवर एवढा होता हे कळून तिला बरंच वाटलं. तिसऱ्या प्रहरी तांदूळ निवडताना तिनं आपणहून विषय काढला.

“मामा, आत्यांना फणसाची भाजी आवडायची न्हवं? त्या पानावर जरा जास्त वाढीन उद्या.”

लाडूंनी मान वर केली. “सुंदरी? ती कवा बसली पंगतीत? ती वाढणारी. वाढणारीचं पान मांडत न्हाईत.”

तांदळात खडा दिसला तो तिनं वेचून टाकला.

त्यानंतर पंगत उठायला रोज थोडा थोडा जास्त वेळ लागू लागला. या मुलखात वाटेवर भेटलेला माणूस नाव विचारायच्या आधी ‘ऊट आयता?’, जेवण झालं का, असं कानडीत विचारतो. त्यामुळे ड्रायव्हर जेवतोय म्हटल्यावर जीपमधली माणसं रागावत नसत. पण वाट बघायलाही काही मर्यादा असते. गुरुदास पाटावर चुळबुळ करी, लाडू हलत नसत, आणि रक्षा मात्र मजेत असे. तिला पहिल्यांदाच कुणाच्या तरी पुढे नंबर लागल्यासारखं झालं होतं.

मग एके दिवशी ताराच्या लक्षात आलं की चौथ्या पानावरचा भात कमी झालाय. मधून नाही, एका कडेनं. रक्षाच्या बाजूच्या कडेनं.

“काय गं, दुसऱ्याच्या पानातलं खातीस?”

“मी न्हाई,” रक्षा म्हणाली. “मला माझंच संपत न्हाई.”

हे बाकी खरं होतं. तारानं मांजरावर संशय घेतला आणि मांजराला दुपारचं कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी कोंडायला सुरुवात केली. मांजरानं कोंडल्या जागी असा आकांत मांडला की शेजारच्या वाडीतून माणूस विचारायला आलं. भात मात्र कमी व्हायचा तो झालाच.

४

तारा काही भित्री नव्हती. रामनगरच्या हमरस्त्यावर ट्रकांच्या गर्दीत वाढलेली मुलगी, रानातल्या अंधाराचीही तिला सवय झाली होती. शिवाय ही गोष्ट अंधारातली नव्हतीच. भर दुपारी, दार उघडं असताना, अंगणात वाळवणं पडलेली असताना, तिघंजण बसलेल्या पडवीत काय घडणार? तिनं ठरवलं, नीट लक्ष ठेवायचं. काय आहे ते एकदा कळलं की झालं.

त्या दिवशी उकड्या तांदळाचा भात होता आणि कुळथाचं सार. तिनं चारी पानांवर भाताची मूद घातली. चौथ्या पानावरची मूद तिनं मुद्दाम वाटीनं घट्ट, गोल पाडली, कुठूनही ढळली तरी दिसावी म्हणून. मग साराचं पातेलं आणायला ती आत वळली. चूल पडवीपासून चार पावलांवर. पातेलं उचललं, पळी घेतली, परत आली. आधी लाडूंच्या पानावर सार घातलं, मग गुरुदासच्या, मग रक्षाच्या. रोजच्या सवयीनं हात पुढे गेला आणि चौथ्या पानावरही पळी रिती झाली. सार आळ्यात नीट बसलं. बाहेर थेंबही गेला नाही.

हात वाढून मोकळा झाला, डोकं मागून पोचलं. तिनं मूद पाडली होती. तिनं आळं केलं नव्हतं.

वाढणारी कधी आळं करत नाही. ते जेवणारा करतो, सार हवं असलं की.

ती पातेलं धरून तशीच उभी राहिली. आळं लहान होतं. तिच्या बोटांनी झालं असतं त्याहून लहान, आणि जरा वेडंवाकडं. बाकीचे खाली माना घालून जेवत होते. दुसऱ्याच्या पानात बघायचं नसतं.

संध्याकाळी लाडू अंगणात बांबूच्या पट्ट्या सोलत होते. ती त्यांच्यापुढे जाऊन बसली. “मामा, कोण जेवतंय?”

त्यांनी हातातली पट्टी पुरी सोलून बाजूला ठेवली. मग म्हणाले, “ट्रक आला तवा पंगत बसली हुती आमची. तिकडं, खाली. भरा, उठा, चला म्हणाले. उठलो.”

“मग?”

“मग काय? एकाचं जेवण व्हायचं हुतं. ते पानावरच ऱ्हायलं.”

“कुणाचं?”

लाडूंनी कोयता उचलला आणि ते परसात गेले. पानं कापायला गेले असतील म्हणून ती वाट बघत बसली. पण कोयत्याचा आवाज काही आला नाही.

५

ताराला जे समजलं ते एवढंच की पान रिकामं होतं आणि ते भरते ती स्वतः. वाढणं तिच्या हातात होतं, तर न वाढणंही तिच्याच हातात होतं. दुसऱ्या दिवशी तिनं चौथ्या पानावर काही घातलं नाही. मीठसुद्धा नाही.

“तारा, पान रिकामं हाय,” लाडू म्हणाले.

“असू दे मामा.”

“पोरी, तसं करू नगं.”

“तुम्ही जेवा.”

ती आत जाऊन पाठ करून उभी राहिली. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. बाहेरून जेवणाचे रोजचे आवाज येत होते. गुरुदासचे भुरके. लाडूंचं खाकरणं. मग रक्षाचा आवाज, अगदी नेहमीसारखा.

“आई, माझं संपलं.”

तारा धावतच बाहेर आली. रक्षाचं पान लख्ख रिकामं होतं. बसून पुरती पाच मिनिटंही झाली नव्हती. या पोरीनं एवढ्यात एवढा भात संपवणं म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवण्यापैकी होतं.

“तू जेवलीस?”

“दोन घास जेवले. बाकीचं शेजारच्यानं संपवलं.” रक्षाच्या आवाजात तक्रार नव्हती. “त्याला न्हाई वाढलंस न्हवं तू.”

गुरुदासचा घास हातातच राहिला. त्या दिवशी तो पहिल्यांदा भिंतीकडे बघायचं टाळून उठला.

त्यानंतर तारा वाढत राहिली. चौथ्या पानावर आधी, आणि भरपूर. पण एकदा पडलेली वाट मोडत नाही म्हणतात तसं झालं होतं. रक्षाच्या पानातलंही कमी होतच गेलं. पोरीचा फ्रॉक खांद्यावरून उतरू लागला. जोयड्याच्या डॉक्टरांनी जंतांचं औषध दिलं. गुरुदासनं ते नेमानं पाजलं, आणि त्यानं गुण येणार नाही हे त्यालाही ठाऊक होतं. तारानं पोरीला कुशीत घेऊन विचारलं, “तुला भ्या न्हाई वाटत?”

“कशाचं? त्या दिवशी ते उपाशी हुतं, एरवी लई हळू जेवतं, आई. माझ्यापेक्षाबी हळू. मी उठले तर ते एकटंच ऱ्हाईल.”

६

रक्षाला तिनं रामनगरला भावाकडे नेऊन ठेवलं. भाऊ शंकर, वहिनी श्वेता, घरात टेबलखुर्ची, स्टीलची ताटं. पाट नाही, पान नाही, पंगत नाही. ताराला आपल्या माहेरच्या त्या बेशिस्त घराबद्दल जन्मात पहिल्यांदा अभिमान वाटला. इकडे चौथं पान मांडलं जात होतं, पण त्यावरचा भात आता तसाच राहायचा. गुरुदासच्या चेहऱ्यावर रंग आला. लाडू मात्र दिवसेंदिवस गप्प होत गेले.

मग श्वेताचा फोन आला.

“वन्सं, एक विचारू का? रक्षा जेवून उठत का न्हाई हो?”

ताराच्या हातात विळी होती, ती तिनं खाली ठेवली. “म्हणजे?”

“ताट मोकळं झालं तरी बसून ऱ्हाती. हात वाळून जातो. मी म्हणते बाळा, झालं का? तर म्हणती, माझं झालंय. आन् बसतीच. आन् वन्सं, ताट मोकळं होतं रोज, मी बघते की, पण अंगाला काय लागत न्हाई ओ तिच्या. ह्यांनी काल उचलून आणली तिला खुर्चीवरनं, तर हलकी लागली म्हणाले. कोंबडीच्या पिल्लावानी.”

तारा मिळेल त्या बसनं रामनगरला गेली. रक्षा टेबलाशी बसलेली होती. समोर रिकामं ताट. शेजारची खुर्ची कुणीतरी तिच्यासाठी ओढून ठेवल्यासारखी जरा बाहेर होती. तारानं काही विचारलं नाही. पोरीचे हात धुतले, तिला कडेवर घेतलं आणि परतीची बस धरली. आता ही एवढी मोठी मुलगी कडेवर कशी घेता आली, हे तिच्या बसमध्ये बसल्यावर ध्यानात आलं, आणि मग ती वाटभर खिडकीबाहेर तोंड करून रडली.

घरी येऊन ती सरळ लाडूंसमोर उभी राहिली.

“मामा, हे उठायचं कसं? नीट सांगा मला. नियम सांगा.”

लाडू पडवीच्या कडेला टेकले. “शेवटल्याला एकटं टाकून पंगत उठत न्हाई. कोणतरी सोबत बसावं लागतं. रक्षा बसली.”

“तिच्या जागी मी बसले तर?”

“वाढणारी पंगतीत बसत न्हाई.”

“मग वाढणारी दुसरी बघा,” तारा म्हणाली. “न्हाईतर तुम्ही वाढा.”

लाडूंनी जन्मात पळी धरली नव्हती. पण दुसऱ्या दिवशी ताराची चूल पेटली तेव्हा ते येऊन शेजारी बसले, आणि कुठल्या भांड्यात काय आहे ते त्यांनी बघून ठेवलं.

७

तारानं दोनच पानं मांडली. गुरुदासला बजावलं, रक्षाला जीपमध्ये घेऊन बस, काही कर, पण मी हाक मारल्याबिगर आत आणू नको. तो कधी नव्हे तो एक शब्दही न बोलता गेला. मग तिनं पाय धुतले आणि रक्षाच्या पाटावर जाऊन बसली.

पडवी तिथून निराळीच दिसत होती. इतकी वर्षं ती उभ्यानं वाकून हीच जागा बघत आली होती. बसल्यावर छप्पर उंच गेलं, चुलीकडचं दार लांब गेलं, आणि वाढणाऱ्याचे तेवढे पाय दिसू लागले. लाडूंचे भेगाळलेले पाय आधी तिच्याकडे आले, मग भिंतीकडे गेले. मीठ, चटणी, कणग्यांच्या कंदांची भाजी, भात. भाताची शितं पानाबाहेर सांडत होती.

“पानात बघू नगं, पोरी,” ते हळूच म्हणाले. “दुसऱ्याच्या.”

तिनं नजर आपल्या भातावर ठेवली. आळं केलं. लाडूंनी सार घातलं. मग ते भिंतीकडच्या पानाशी गेले आणि थांबले. तिनं मान वळवली नाही. पण डोळ्याच्या कडेला जे येतं ते येतंच. भाताच्या मुदीत काहीतरी रुतत होतं. सावकाश, एकेक करून. मग सार ओतल्याचा आवाज आला.

ती जेवू लागली. तिला चव लागत नव्हती, पण ती जेवत राहिली. बाजूला काही आवाज नव्हता. चावण्याचा नाही, श्वासाचाही नाही. फक्त कुणीतरी शेजारी बसलं की त्या बाजूचं अंग ज्या तऱ्हेनं जागं राहतं, तसं तिचं डावं अंग जागं होतं. तिचा भात संपला. लाडूंनी ताक-भात वाढला, तोही संपला.

“झालं सगळ्यांचं?” लाडूंनी विचारलं.

“झालं,” तारा म्हणाली.

मग कुणीच काही म्हणालं नाही. बोटांवरचं ताक वाळलं. बाहेर वाळवणावर कावळा उतरला आणि उडाला. तिला कळलं की रक्षा रोज अशीच बसत असणार, आणि असं बसून काही होणार नाही. हळू जेवणाऱ्या पोराशेजारी नुसतं बसून ते पोर जेवत नाही. ही गोष्ट तिच्याइतकी कुणाला ठाऊक होती? अशा पोराला भरवावं लागतं.

तिनं डावीकडे न बघता हात लांबवला. त्या पानावरचा भात चाचपला. तो गार होता, सारात भिजलेला. तिनं तो कालवला, बोटांनी लहानसा घास केला, रक्षाला करायची तेवढाच, आणि अंदाजानं उंची धरून हात बाजूला नेला.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग घास तिच्या बोटांवरून घेतला गेला.

बोटांना दात लागले. लहान, बारीक, दुधाचे. पुढचा एक नव्हता.

तारानं डोळे मिटले. हात मागे घ्यावासा वाटला नाही, हे तिचं तिलाच नवल वाटलं. तिनं दुसरा घास केला. तोही गेला. तिसरा गेला. भात संपत आला तसे लाडूंचे पाय आपणहून पुढे आले आणि पानावर आणखी भात पडला. त्यांचं नाक ओढल्याचा आवाज आला. “जेवू दे,” ते पुटपुटले. “सावकाश जेवू दे.”

“मामा, बस करा. वाढू नका आता.”

“पान रिकामं दिसलं न्हाई पायजे.”

आणि तेवढ्यात बाहेर जीपचं दार आपटलं. अंगणातून पळत येणारी पावलं वाजली, मागून गुरुदासची हाक, आणि उंबऱ्याशी रक्षा येऊन थांबली. धापा टाकत होती. कितीतरी दिवसांनी तिच्या गालांवर रंग होता.

“आई,” ती म्हणाली, “आई, मला भूक लागली.”

देवीला बोललेला नारळ ताराला आठवला. हसू आणि रडू एकदमच आलं. “आले,” ती म्हणाली. “आले गं माझ्या राणी.” उठण्यासाठी तिनं डावा हात जमिनीला टेकला.

तिचा पदर ओढला गेला. कुणी धरला नव्हता. पाटावर पसरलेल्या त्याच्या टोकावर कुणीतरी बसलेलं होतं. वजन फारसं नव्हतं. कोंबडीच्या पिल्लाएवढं.

“आई, लई भूक लागली. वाढ की.”

“आले, आले,” तारा म्हणाली, आणि पुढचा घास कालवू लागली. “थांब जरा. याचं होऊ दे.”